चौथा डॅश

इचलकरंजीतल्या त्या घराच्या पोर्चमध्ये भंगारवाल्यानं काटा लावला होता. सायकलचा सांगाडा, जुना टेबल फॅन, पत्र्याचे डबे आणि त्यांच्या शेजारी फरशीवर यासूचा एफटी-१०१ई हा रेडिओ संच. धुळीनं माखलेला, पण तबकडीवरचे आकडे वाचता येत होते. माइक आधीच तोडून नेला होता. समोरच्या सॉकेटला वायरीचं चार बोटं टोक तेवढं लोंबत होतं.

"काका, पंधरा किलो भरलं बघा ते," मुलगा म्हणाला. "बाबांचं हे सगळं तुम्हालाच कळणार. पाहिजे ते न्या."

त्याच्या वडिलांना मी वीस वर्षं ओळखत होतो, पण फक्त आवाजानं. सकाळी सातच्या सुमारास चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर त्यांची हाक यायची, हवापाण्याची चौकशी व्हायची, कुणाची अँटेना पडली, कुणाची उभी राहिली हे कळायचं. त्यांच्या घराची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती ते गेल्यावर. हौशी रेडिओवाल्यांत गेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात. मोर्सची किल्ली शांत झाली, एवढाच त्याचा अर्थ. ही २०१७ मधली गोष्ट.

भंगारवाल्याला भंगाराच्या दरानं पैसे मोजून दिले आणि संच मांडीवर घेऊन कोल्हापूरला आलो.

माझा परवाना १९८८चा. तेव्हा खालच्या श्रेणीलाही मिनिटाला पाच शब्दांच्या वेगानं मोर्स घ्यावं आणि द्यावं लागे. परीक्षा पास झालो, पण परवाना हातात यायला इतका काळ गेला की पाठ झालेलं मोर्स पुन्हा पाठ करावं लागलं. त्या काळात नवा परदेशी संच घेणं माझ्यासारख्याच्या आवाक्यात नव्हतं. आमच्यातले बहुतेक जण लष्कराच्या मोडीतून आलेल्या भागांवर आणि स्वतः गुंडाळलेल्या कॉइलवर संच उभे करायचे. पुढे २००३ मध्ये हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स हा संच आखला. त्यातल्या कॉइल नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळायच्या होत्या. कुठल्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल अशा वस्तूपासून संच! मला त्याचं आजही कौतुक वाटतं.

एफटी-१०१ई हा १९७०च्या दशकातला, निम्मा ट्रान्झिस्टरचा आणि निम्मा व्हॉल्व्हचा संच. ऐकण्याचा भाग पूर्ण ट्रान्झिस्टरवर. प्रक्षेपणाला मात्र शेवटी तीन व्हॉल्व्ह, एक १२बीवाय७ए आणि दोन ६जेएस६सी. या दोघांच्या प्लेटवर सहाशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. वर्षानुवर्षं पडून असलेला असा संच थेट भिंतीच्या सॉकेटला लावला तर सुकलेले कपॅसिटर फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. आपल्याकडचा जुना रेडिओ मेकॅनिक वापरायचा तोच उपाय मी केला, सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा साधा बल्ब संचाच्या वाटेत जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. माझा बल्ब एकदम भडकला, मग हळूहळू लाल तारेवर आला आणि तिथंच थांबला. हीटरचं बटण बंद ठेवून मी तो तासभर तसाच राहू दिला. मग आवाजाची गुंडी फिरवली. आधी खरखर, नंतर चाळीस मीटरवर नागपूरकडचा कुणीतरी आपल्या आंब्याच्या झाडाबद्दल बोलत होता.

माझ्याकडे त्याआधीपासून दोन संच होते. एक युनिडेनचा एचआर-२५१०, मुंबईच्या एका परवानाधारक मित्राकडून नव्वदच्या दशकात घेतलेला. त्याची जन्मकथा मला आवडते. अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये नवशिक्या हौशींना दहा मीटरच्या पट्ट्यात, २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झवर, बोलायची परवानगी मिळाली. तोवर त्यांना फक्त मोर्स होतं. ही नवी मंडळी डोळ्यासमोर ठेवून मोटारीतल्या सीबी संचाएवढे छोटे दहा मीटरचे संच निघाले. एचआर-२५१० त्यांतला. बारा व्होल्ट, पंचवीस वॅट, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा.

दुसरा कोब्रा १४८ जीटीएल. हा खरा सीबी. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाचा पट्टा, २७ मेगाहर्ट्झचा. अमेरिकेनं १९५८ मध्ये हौशींकडचा अकरा मीटरचा पट्टा काढून तिथं तो सुरू केला. आधी २३ चॅनेल होते, १९७७ पासून ४० झाले. जुन्या मांडणीची खूण क्रमांकांतच सापडते. चोविसावा आणि पंचविसावा चॅनेल तेविसाव्याच्या वर नाहीत, खाली आहेत, कारण मागाहून ते मधल्या रिकाम्या जागेत बसवले. आपल्याकडे २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा, पाच वॅटच्या मर्यादेत आणि ठरलेल्या अटींवर, परवान्याविना खुला आहे. पण कोब्राचा अठ्ठाविसावा चॅनेल २७.२८५ वर, म्हणजे चाळिसातले वरचे तेरा आपल्या हद्दीबाहेर. म्हणून कोब्रा मी फक्त ऐकायला ठेवला आहे. पुणे-बंगळुरू रस्त्यावरच्या आपल्या ट्रकवाल्यांनी सीबी कधी हातात धरला नाही. त्यांची भाषा हॉर्नची आणि डिपर-अप्परची. त्यामुळे कोल्हापुरात या पट्ट्यावर पंधरा आणि सोळा चॅनेलच्या मध्ये, २७.१४५ वर, शेजारच्या नातवाची रिमोटची गाडी गुरगुरते आणि सूर्य जोरात असला की आग्नेय आशियातले आवाज एकावर एक चढून येतात.

सूर्याचं सांगायलाच हवं, कारण दहा मीटर पूर्ण त्याच्या मर्जीवर चालतो. सूर्यावर डाग जास्त असले की वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर घट्ट होतो आणि २८ मेगाहर्ट्झच्या लहरी परत पृथ्वीकडे वळतात. डाग नसले की त्या आरपार निघून जातात. हे चक्र सुमारे अकरा वर्षांचं. एफटी माझ्याकडे आला तेव्हा ते उतरत होतं आणि डिसेंबर २०१९ मध्ये तळाला गेलं. त्या काळात दहा मीटरवर दिवसचे दिवस नुसती सळसळ.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, उपसा केंद्रं पाण्यात गेल्यानं नळ बंद, आमच्या भागात वीज नाही, मोबाइल धड लागत नाही. एफटी-१०१ईमध्ये बारा व्होल्टवर चालायची सोय आहे. हीटर बंद ठेवले की तो ऐकण्यापुरती अगदी थोडी वीज घेतो. मोटारीची बॅटरी काढून जिन्यात ठेवली आणि चाळीस मीटर लावला. बाहेर पाऊस, घरात मेणबत्ती आणि त्या संचातून पुण्याचा, कोकणातला, बेळगावचा आवाज. आमची सौ. एरवी या खोलीत फारशी यायची नाही. ती त्या रात्री स्टूल घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "बंद करू नका. बोलत राहू देत त्यांना." दहा मीटरचा माझा लाडका संच त्या आठवड्यात मुका होता. कोणत्या प्रसंगी कोणता पट्टा कामाचा, हे मी तेव्हा नीट शिकलो.

२०२२ पासून दहा मीटर उघडू लागला. सकाळी जपान, संध्याकाळी युरोप. आणि मग माझ्या डोक्यात तुलनेचं वेड शिरलं. तीन जुने संच टेबलावर असताना माणूस विचारणारच की यांतला चांगला कोणता?

तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं. अँटेना एकच. दहा मीटरचा अर्धलहरी डायपोल एकूण पाच मीटरचा, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर तार. बुरूड गल्लीतून सरळ पेराचा बांबू आणला. तारांच्या मधला इन्सुलेटर उद्यमनगरात नायलॉनच्या दांड्यातून कातून घेतला. लेथवरच्या कारागिरानं तो हातात उलटसुलट करून पाहिला. "सर, हे कुठल्या मशिनीचं म्हणायचं?" मी सांगितलं, "याच्यातनं आफ्रिका ऐकायची हाय." त्यानं मजुरी निम्मी घेतली आणि म्हणाला, "ऐकू आली की सांगा मला."

मोजपट्टीसुद्धा तयारच होती. जगभर अठरा बीकन केंद्रांचं एक जाळं आहे. २८.२०० मेगाहर्ट्झवर ही केंद्रं पाळीपाळीनं बोलतात, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. आधी मोर्समध्ये स्वतःचं नाव, मग एकेक सेकंदाचे चार डॅश. पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एक वॅटचा आणि चौथा दशांश वॅटचा. टॉर्चच्या बल्बलाही याहून जास्त वीज लागते. डोळे मिटून मोजायचं, किती डॅश आले? यात ना जाहिरात, ना माहितीपत्रकातले आकडे. आणि यात एक गंमत रोज दिसते. श्रीलंकेच्या ४एस७बीची पाळी झाली की लगेच दक्षिण आफ्रिकेचं झेडएस६डीएन येतं. श्रीलंका इथून सव्वा हजार किलोमीटरवर, आफ्रिकेचं केंद्र सात हजारांच्या घरात. तरी श्रीलंकेच्या वेळी बहुधा शांतता असते आणि आफ्रिका खणखणीत येते. लहर वर जाऊन परत उतरते ती श्रीलंकेच्या डोक्यावरून उडी मारून.

गच्चीवरच्या अँटेनेवर मी दोन महिने वही भरली. कोब्राचं २८ वर काम नाही, म्हणून लढत एफटी आणि युनिडेनची. निकाल जवळजवळ बरोबरीचा. दोघांवर दोन डॅश, चांगल्या दिवशी तीन. चौथा कुणावरच नाही. मला वाटलं, झालं, दोन्ही सारखे.

तरी एक गोष्ट खटकत होती. अँटेना काढली की दोन्ही संचांची सळसळ एकदम खाली बसायची. म्हणजे मी ऐकत होतो तो गोंगाट संचाचा नव्हता, पेठेचा होता. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, केबलचे डबे. त्या गोंगाटाच्या वर जे येईल तेच दोघांनाही ऐकू येणार, मग संच किती का तिखट कानाचा असेना. वहीतली बरोबरी संचांची नव्हतीच.

मग २०२४च्या जानेवारीत दोन्ही संच, बॅटऱ्या आणि बांबू गाडीत घालून वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्याला गेलो. फक्त ऐकायला. गावापासून लांब, विजेच्या तारा नाहीत अशी जागा धरली. हेडफोन लावला आणि पहिल्यांदा वाटलं, संच बंदच पडला. इतकी शांतता मी दहा मीटरवर तीस वर्षांत ऐकली नव्हती. साडेचारच्या पुढे आफ्रिकेचं नाव आलं. एफटीवर तीन डॅश स्वच्छ, चौथ्याच्या जागी काहीतरी असल्याचा भास. स्विच फिरवला, तीन मिनिटं थांबलो. युनिडेनवर पहिला, दुसरा, तिसरा आणि मग, केसाएवढा बारीक पण सरळ, चौथा. पाच फेऱ्या ऐकल्या. चारदा आला.

तेव्हा निकाल असा. दहा मीटरवर अगदी क्षीण संकेत धरायला युनिडेनचा कान सरस. पण जवळचा मोठा आवाज शेजारी आला की तो गांगरतो, एफटी तितका डगमगत नाही. एफटी तापेपर्यंत अर्धा तास जागेवरून सरकत राहतो, दर काही मिनिटांनी गुंडी हलवावी लागते. तरी तासभर एकाच माणसाशी बोलायचं असेल तर मी एफटीच लावतो. त्याचा आवाज कानाला शिणवत नाही आणि पलीकडचे सांगतात की माझा आवाज त्यावर भरदार येतो. कोब्राला या रांगेत बसवणं अन्याय आहे. तो मोटारीत, हात स्टिअरिंगवर असताना वापरायला केलेला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे.

उद्यमनगरातल्या त्या कारागिराला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यानं लेथ थांबवला, हात पुसले आणि विचारलं, "किती वॅटचं म्हणालासा?" दशांश वॅट ऐकल्यावर त्यानं दोन चहा सांगितले.

आता ज्यांच्या घरात असा माणूस होऊन गेला त्यांच्यासाठी दोन शब्द. माळ्यावर किंवा कपाटात जड, गुंड्यांचा, परदेशी नावाचा संच असेल तर घाईनं भंगारात देऊ नका. चालतो का पाहायला वीज लावू नका. आत जिवाला धोका होईल इतका दाब असतो, संचही जळेल. असे संच परवानाधारकाकडेच असायला हवेत, म्हणून त्या माणसाच्या संपर्कांच्या वहीत ज्यांची नावं वारंवार दिसतात त्यांपैकी एखाद्याला कळवा. ती वही, संपर्काची पोच म्हणून आलेली, पोस्टकार्डासारखी क्यूएसएल कार्डं, मोर्सची किल्ली हे सगळं संचाबरोबर राहू द्या. आणि माइकची वायर तोडू नका. माझ्या एफटीला सध्या दुसराच माइक जोडला आहे. ज्या माइकमधून इचलकरंजीचा तो आवाज वीस वर्षं माझ्यापर्यंत आला, तो मला अजून सापडलेला नाही.