टॉवरखालची जमीन

अंबड तालुक्यातल्या आमच्या मोसंबीच्या मळ्यात विजेच्या उच्चदाब वाहिनीचा टॉवर आला, तेव्हा आम्ही तिघे भाऊ संतापलो. आम्हाला न विचारता खुणा कशा मारल्या? वकिलांनी समजावलं, 2003 च्या वीज कायद्याचं कलम 164 अशा कामाला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देतं. मालकी तुमचीच, वापराचा हक्क तेवढा त्यांचा. भरपाई मात्र द्यावीच लागते. केंद्राच्या 2015 च्या सूचनांत टॉवरच्या जागेला किमतीच्या 85 टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के होते; 2024 मध्ये ते 200 आणि 30 झाले.

बांधावरचे कडुलिंब गेले. तारांखाली घर बांधता येणार नाही. सातबारा तसाच राहिला.

चेक आला. आम्ही तीन वाटे केले. अम्मी म्हणाल्या, “आणि आपाचा?”

“सातबाऱ्यावर तिचं नाव कुठंय?”

“जमीन आपली, हक्क दुसऱ्याचा, म्हणून वर्षभर ओरडलात. तिचा तर हक्क आहे आणि नावच नाही. ती कधी ओरडली का?”

आम्ही माना खाली घातल्या. अब्बांच्या इंतकालानंतर वारस म्हणून आम्ही फक्त आमचीच नावं लावली होती. शरीयतने दिलेला बहिणीचा वाटा आम्ही एका फेरफारात बुडवला होता.

चेकमधला तिचा वाटा त्याच आठवड्यात पोचवला. नंतर तिचं नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला.