उकिरड्यातला पुरावा

गावाचा इतिहास लिहायला बसले की पहिला प्रश्न येतो, कागद कुठे आहे? ज्यांच्याकडे सनदा, बखरी, कुलवृत्तांत आणि वाड्यातले दप्तर आहे, त्यांचा इतिहास तयारच असतो. आपल्याकडे काय आहे? वतनाच्या नोंदीत एखादे नाव, तेही बापाच्या नावाशिवाय. मग प्रस्थापित लेखक सहज लिहून जातो की या वस्तीचा इतिहास उपलब्ध नाही. उपलब्ध नाही म्हणजे कागदावर नाही. जमिनीत आहे की नाही, हे पाहायला कोणी आलेलेच नसते.

मला हे सुचले ते आमच्या लोधिवलीत एका घराचा पाया खणताना. वस्तीच्या कडेला दीड-दोन हात खाली राखेचा काळपट थर लागला. त्यात खापऱ्या, कौलांचे तुकडे, हाडे आणि जाड हिरवट काच. एक बाटली जवळजवळ अख्खी निघाली. गळा दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखा दबलेला, आत गोटी अडकलेली. शेजारची आजी म्हणाली, "अरे, ही सोड्याची बाटली. पोरं गोटीसाठी फोडायची, म्हणून अख्खी मिळत नाय." आजीच्या त्या एका वाक्याने मला या विषयात ओढले.

गोटीसोड्याची ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने 1870 ते 1872 या काळात विकसित केली. सोड्यातल्या वायूच्या दाबाने गोटी वर सरकते आणि गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते. बूच लागत नाही, म्हणून ती आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. म्हणजे आमच्या पायातला तो थर 1870 च्या आधीचा असूच शकत नाही. बाटली एवढेच खात्रीने सांगते, 'माझ्या आधी नाही'. 'माझ्याच वर्षी' असे ती कधीच म्हणत नाही, कारण सोड्याची एकच बाटली वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भरली जायची. म्हणून थरातली सर्वांत नवी वस्तू शोधायची. ती ज्या काळातली, त्याच्या आधी तो थर पूर्ण झालेला नाही. जुनी वस्तू सापडली म्हणून नाचायचे नाही, नव्या वस्तूने तारीख ठरवायची. उत्खननाचा हा मूळ नियम आहे आणि तो पाळायला पदवी लागत नाही.

बाटली वाचायची कशी? आधी बोट फिरवा. साच्याच्या दोन भागांची जोडरेघ बाटलीच्या अंगावर जाणवते. रेघ तोंडाच्या खालीच संपली तर तोंड हाताने घडवलेले. रेघ ओठावरून वर गेली तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्सचे स्वयंचलित बाटलीयंत्र 1903 चे, म्हणून अशी बाटली साधारण त्यानंतरची. मात्र ही कसोटी इंग्लंड-अमेरिकेच्या बाटल्यांवर बेतलेली आहे. आपल्या देशात हाताने काच फुंकणे पुढे कित्येक दशके चालू राहिले. गोटीच्या बाटलीचे तोंड तर गोटी आत टाकल्यावर वेगळे घडवावे लागते. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. बुडाला काच तोडल्याचा खरबरीत वण, काचेतले बुडबुडे, कमीजास्त जाडी, अंगावरची अक्षरे, असे चार साक्षीदार तपासायचे.

काही खुणा खास आपल्या आहेत. औषधाच्या बाटलीवर औंसाच्या रेघा असतील तर ती बहुधा दशमान मापे रुळण्याआधीची. मापांचा कायदा 1956 चा आणि अंमल त्यापुढच्या काही वर्षांतला. चिठ्ठीवर पिनकोड असेल तर ती 15 ऑगस्ट 1972 नंतरची. पत्र्याच्या दातेरी बुचासाठी केलेले तोंड 1892 नंतरचे. थम्स अपची बाटली 1977 च्या आधीची असणार नाही. तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याचे नाव दिसले तर 1908 नंतरची आणि कऱ्हाडजवळच्या ओगले काच कारखान्याचे दिसले तर 1916 नंतरची.

आमच्या भागात जुनी काच सापडते यात नवल नाही. पनवेलहून पुण्याला जाणारा बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट आमच्या शेजारच्या चौकमधून डोंगर चढला आणि पुस्तकांत लिहिले गेले की त्याने माथेरान 'शोधले'. त्या डोंगरांत ठाकर, कातकरी आणि धनगर आधीपासून वावरत होते, पण वाट माहीत असणाऱ्यांच्या माहितीला शोध म्हणायची पद्धत नव्हती. साहेब आला, त्याच्यामागे सोडा, दारू आणि औषधे आली. प्याले कोणी आणि ओझी वाहिली कोणी, हे वेगळे सांगायला नको.

बोरघाटाची रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. बांधकाम भरात असताना 40 हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते आणि पटकी-तापाने हजारोंनी मेले. कंत्राटदाराचे नाव आज कोणीही सांगेल, त्याच्या मृत्यूनंतर कंत्राट सांभाळणाऱ्या त्याच्या पत्नीचे, अ‍ॅलिस ट्रेडवेलचेही सांगेल. त्या काळातली बाटली सापडली तर तिच्यावर कारखानदाराचे नाव उठावदार अक्षरांत मिळते. दगड फोडणाऱ्याचे नाव कशावरच नाही. ज्या व्यवस्थेने बाटलीवर नाव घातले आणि माणसाचे नाव पुसले, तिच्याच कचऱ्यातून आपल्याला माणूस शोधायचा आहे.

हा विषय मी अभ्यासवर्गात मांडला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठला आणि रागाने म्हणाला, "दादा, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची सोडायला सांगितली. आपण गाव सोडून शिकलो. आणि तुम्ही पोरांना परत उकिरड्यात उतरवताय?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. महाडला 19 आणि 20 मार्च 1927 रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. ते याच जिल्ह्यातल्या लोकांना सांगितले. आजही शहरांत कचरा वेचणाऱ्या हातांची जात विचारावी लागत नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्या सभासद प्रामुख्याने दलित स्त्रियाच होत्या. संघटनेच्या नावातच काच आहे. त्या काचेने हात कापलेल्या बाईला 'कचऱ्यात इतिहास असतो' असे सांगणे हा उद्धटपणा होईल.

पण जन्माने लादलेले काम आणि स्वतः निवडलेला शोध या दोन गोष्टी एक नाहीत. लादलेल्या कामात कचरा आपला असतो आणि त्यातून निघणारी किंमत दुसऱ्याची. शोधात प्रश्न आपला, वही आपली आणि निष्कर्षही आपला असतो. 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हाच त्यातला एक मुख्य प्रश्न आहे. पुराव्याची साखळी तुटलेली आहे म्हणून हात टेकायचे नाहीत, उपलब्ध दुवे तर्काने जोडायचे, ही भूमिका त्यांनी प्रस्तावनेत घेतली. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला नसता, तर कोकणातल्या बौद्ध वारशाचा तो पुरावा मातीच्या ढिगातच राहिला असता. मातीत हात घालणे हलके नाही. दुसऱ्याच्या हुकमाने घालावे लागणे, ही गुलामी.

त्या तरुणाला मी आजीकडे नेले. तिने सांगितले की औषधाची रिकामी बाटली त्यांच्या घरात कधी फेकली जात नसे. झाकणाला भोक पाडून वात घालायची, रॉकेल भरायचे, झाली चिमणी. तिच्या उजेडात तिच्या भावाने अभ्यास केला. बाटली तडकली तेव्हाच ती उकिरड्यावर गेली. मला यातून जे कळले ते कुठल्याही बाटलीसंग्राहकाच्या पुस्तकात नसेल. बाटलीला दोन वये असतात, घडवल्याचे आणि टाकल्याचे. बंगल्यात ही दोन वये जवळजवळ असतात, कारण तिथे रिकामी झाली की फेकतात. आपल्या वस्तीत त्यांच्यात वीस-तीस वर्षांचे अंतर पडू शकते. ते अंतर म्हणजे आपली गरिबी आणि आपली काटकसर, दोन्हींचे माप. बाजारातला व्यापारी फक्त पहिले वय विचारतो. दुसरे वय सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.

आणि वेळ कमी आहे. आमच्या पट्ट्यात प्लॉट पडत आहेत, गोदामे उभी राहत आहेत. जेसीबी एका दुपारी शंभर वर्षांचे थर ट्रकमध्ये भरतो. मध्यंतरी जमिनीचा एक दलाल सर्वांसमोर म्हणाला, "ही वस्ती कालपरवाची." त्या राखेच्या थरात औंसाच्या रेघांची औषधाची बाटली होती. तिने वस्ती कालपरवाची नाही, एवढे आम्हाला कळले. तिने जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही. तिथे सातबारा, गावठाणाचा नकाशा आणि जुनी करपावती लागते, ती जमवण्याची लढाई वेगळी आणि तीही लढावीच लागेल. पण आपण आगंतुक नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो कचेरीत वेगळ्या आवाजात बोलतो.

काही शिस्त पाळावी लागेल. मालकाच्या परवानगीशिवाय कुठेही खणायचे नाही. लेणी आणि संरक्षित जागांच्या आसपास तर नाहीच. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणून विक्रीचा मोह नको. औद्योगिक पट्ट्यात रसायनांचा आणि दवाखान्यांचा कचराही पुरलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. पाया, विहीर, गटार असे जे काही आपसूक खणले जाते तिथे उभे राहायचे. जाड हातमोजे घालायचे, बाटली काढण्याआधी थराचा फोटो घ्यायचा, खोली मोजायची आणि सोबत काय निघाले ते लिहायचे. थरातून उपटलेली बाटली शोभेची होते, नोंदीसकटची बाटली पुरावा असते.

येत्या 14 एप्रिलला आमच्या विहाराच्या वाचनालयात एक फळी यासाठी ठेवणार आहोत. प्रत्येक बाटलीखाली चार ओळी असतील, कुठे मिळाली, किती खोल, सोबत काय होते आणि कशावरून कोणत्या वर्षानंतरची. पाचवी ओळ घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायची, या बाटलीचे आपण काय करायचो. तुमच्या वस्तीतही पाया खणला जात असेल. वही घेऊन जा, आणि जाताना आजीला सोबत न्या.