दुसऱ्याच्या तोंडून

मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात जुनी सांगवी वसली आहे. इथून सकाळी कुणी हिंजवडीला जातं, कुणी भोसरी-चाकणच्या शिफ्टला. कधीकाळी वह्या भरून कविता लिहिणारे, गणपतीच्या मांडवात नाटक बसवणारे कितीतरी जण त्यांत आहेत. विचारलं तर म्हणतात, "आता कुठे जमतंय?"

माझंही हेच उत्तर असायचं. वेळ नाही, हे त्यातलं निम्मंच खरं होतं. मोकळी दुपार हाती आली तरी पहिलं वाक्य उमटण्याआधीच मनातला परीक्षक त्यावर काट मारी. हा कोण, कुठून आला, हे शोधायला मी ऑफिसातले पाठकोरे कागद घेऊन बसू लागले. पाठकोऱ्या कागदाचा धाक वाटत नाही. लिहिता लिहिता कळलं की हा परीक्षक फक्त माझ्या नावावरचं लेखन तपासतो. मी दुसऱ्या कुणाच्या वतीने बोलले, की त्याला बोलायला जागाच उरत नाही.

मग खोड्या सुरू झाल्या. बसमधल्या अनोळखी आजोबांचं तरुणपण रचायचं. दापोडीच्या संगमाआधी पवनेने मुळेला लिहिलेलं खरमरीत पत्र लिहून काढायचं. ही पत्रं कुणाला दाखवायची नव्हती, म्हणून ती भरभर लिहून होत.

त्याच सुमारास आम्हा मित्रमैत्रिणींचा शनिवारचा खेळ जमला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्याचा मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये अमेरिकेत आणला. त्याआधीच्या युद्धखेळांत खेळाडू पटावर अख्ख्या फौजा हलवत. इथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस आला, त्याच्या भीतीसकट आणि हट्टांसकट. एक जण निवेदक होतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि बेत फळेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट तेवढी पुढे जाते.

आम्ही आमचा खेळ सातवाहनांच्या काळातल्या नाणेघाटात मांडला. कल्याणहून जुन्नरकडे निघालेले तांडे, घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण, आणि तिथली हिशेबनीस मी. एका रात्री पहारेकऱ्याला थाप मारून एका पळपुट्या कारागिराला सोडवायचं होतं. फाशावर तीन पडले. थाप उघडी पडली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हिशेबनीस बोलू लागली: आपल्या बापाचा रांजण फोडणारा तो चोर कोण होता, तिने हिशेबात खोट का ठेवली, सारं. मला स्वतःला ते आधी ठाऊक नव्हतं. दान वाईट पडलं तेव्हाच ती बाई जिवंत झाली. घरी एकटीने लिहिताना अशा वळणावर मी कागद चुरगाळला असता, इथे मैत्रीण पुढे सरकून म्हणाली, "अगं, मग? पुढे?" त्या दोन प्रश्नांनी मला जे दिलं, ते कुठल्या शाबासकीने दिलं नव्हतं.

आपल्या मातीला ही वाट नवी नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीक रूपं घेतली. संस्कृत जाणणाऱ्या पंडिताला जे सांगायचं होतं ते या लोकांच्या तोंडी खुललं. तुकोबांची पालखी दापोडीवरूनच पुण्याकडे जाते, आणि वारीच्या मुक्कामांवर सोंगी भारूड अजूनही रंगतं. सोंग घेतलं की माणूस मोकळा होतो, हे समोर बसलेल्यांनाही पक्कं माहीत असतं.

निर्मिती ही एकांतातली साधना, असं आपल्या मनावर फार बिंबवलं गेलं आहे. एकांत हवाच, पाठकोऱ्या कागदांशिवाय मला परीक्षक ओळखता आला नसता. पण गेलेला धीर परत यायला ऐकणारी चार आपली माणसं लागतात, आणि बोललेलं चुकलं तरी बिघडणार नाही अशी एक बैठक लागते. हिशेबनिसीची गोष्ट मी आता माझ्या नावाने लिहिते आहे.

आमच्यातला चाकणला क्वालिटीत काम करणारा मित्र "मला कल्पना वगैरे सुचत नाहीत" असं सांगतच खेळात आला होता. पुढच्या शनिवारी तो निवेदक आहे. ड्रॉइंग शीटवर त्याने घाटाखालच्या एका बंदराचा नकाशा काढलाय, गोदामांना नावं दिलीत, आणि तिथे काय दडलंय ते काही केल्या सांगत नाही.