गरबा थांबल्यावर

"वय झालंय हो त्यांचं," एवढंच म्हणून डॉक्टरांनी बाबांची बोळवण केली आणि झोपेची गोळी लिहून दिली. ते वाक्य मला अजून सलतं.

बाबा एकाहत्तरचे. सगळा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलेला. ते खंडेराव मार्केटातून भाजी आणताना सूरसागरपाशी थांबून रिक्षावाल्याला विचारत होते, "भाई, दांडिया बाजार कई बाजू?" त्या गोळीने तर दुपारपर्यंत झापड, बोलणं जड, एकदा मोरीत तोल गेला.

मग नवरात्र आलं. अष्टमीला बारा वाजता मैदानावरचा कर्णा बंद झाला आणि एकदम शांत झालेल्या घरात बाबांचं घोरणं ऐकू आलं. मग तेही थांबलं. मी अंधारात मोबाइलवर सेकंद मोजले. अठ्ठावीस. बुडणाऱ्याने पाण्याबाहेर डोकं काढावं तसा त्यांनी हिसका देऊन श्वास ओढला. घोरणं, पुन्हा थांबणं. बावीस वेळा मोजलं, पुढे माझ्याने मोजवेना. तासही झाला नव्हता. हे घोरणं आम्ही वीस वर्षं ऐकत होतो. आई कौतुकाने म्हणायची, "पडले की गाढ!"

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री झोपतात कसे?" झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दर वेळी दचकून जागा होतो. अशा माणसाला झोपेची गोळी द्यायची? आणि झोपेचा विसरण्याशी संबंध दिसलेला आहे. ब्रिटनमध्ये जवळपास ८००० जणांची पंचवीस वर्षं पाहणी झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त दिसला. आणि आपण 'मला चार तास पुरतात' हे अभिमानाने सांगतो! घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ एक रात्र जागून बसा. डॉक्टरांना सांगायला काहीतरी हाती लागेल.

आता श्वास अडू नये म्हणून बाबा नाकावर मास्क लावून झोपतात. सकाळी नाकावर लाल वळ असतो आणि त्यावरून रोज कुरबुर. दुपारची झापड गेली, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण भाच्याचं नाव अजून आठवत नाही. म्हणजे वयही झालंय, ते डॉक्टर अगदीच खोटं बोलले नव्हते. तरी राग जात नाही. त्यांच्यावरचा, आणि वीस वर्षं कान असून न ऐकणाऱ्या माझ्यावरचाही.

परवा बाबा एकटे जाऊन मेथीची जुडी घेऊन आले. मी थोडं अंतर ठेवून मागोमाग गेले होते, हे त्यांना ठाऊक नाही.