जांभळ्या लेबलाची बाटली

बाबांसमोर बिअर? छे! पस्तिशी उलटली, म्युनिकमध्ये नोकरी लागली, तरी आपला फंडा ठरलेला. आई-बाबा येणार म्हटलं की बाटल्या तळघरात आणि फ्रीजमध्ये ताक.

गेल्या उन्हाळ्यात ते आले आणि दुसऱ्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तळघरात सायकल बघायला गेलो होतो. ती जांभळ्या लेबलाची बाटली कसली रे?"

स्वयंपाकघरात आईची भांडी जरा जास्तच वाजायला लागली.

आता लपवणार काय? सांगितलं. श्नायडर ब्रुअरीची 'अव्हेन्टिनुस'. १९०७ पासून बनणारी गव्हाची कडक बिअर, इथल्या भाषेत वाइत्सेनबॉक. बाबा बँकेतून रिटायर झालेले. पहिला प्रश्न, "किती टक्के?"

"८.२."

"अरे, एफडीपेक्षा जास्त! आण बघू."

कडक म्हणून एकच बाटली, दोघांत. फ्रीजमध्ये गार केली, पण बर्फासारखी नाही. फार गार झाली की वासच मरतो. उंच ग्लास थंड पाण्याने विसळले, तिरके धरले आणि हळूहळू ओतायला लागलो. इथे घाई केलीत तर सगळा फेस टेबलावर! तळाशी दोन बोटं उरल्यावर बाटली गोल फिरवली, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट हललं. तेही दोघांत वाटलं. रंग गडद तांबूस, वर दाट फेस.

बाबांनी वास घेतला. "शिकरणात लवंग कुणी टाकली?"

बरोब्बर! गंमत म्हणजे यात ना केळं असतं, ना लवंग. हा सगळा त्या यीस्टचा प्रताप.

"थांबा बाबा, आधी प्रोस्ट. ग्लास खालच्या बाजूने टेकवायचे, वरचा काठ पातळ असतो. आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं."

सांगितलं मीच, पण ग्लास पुढे केला तो मान खाली घालून. बाबा थांबले. "नियम तुझाच ना? मग बघ इकडे."

बघितलं. रोज व्हिडिओ कॉलवर दिसणारे बाबा, पण डोळ्यांत शेवटचं कधी बघितलं होतं? उजव्या बुबुळात पांढुरकं काहीतरी दिसलं.

"हे कधीपासून?"

"मोतीबिंदू आहे. झालं वर्ष. तू एवढा लांब, उगाच कशाला सांगायचं?"

म्हणजे मी बाटल्या लपवत होतो आणि ते डोळा. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

दिवाळीत पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. आता फोनवर आधी त्यांच्या तब्येतीचा खराखुरा रिपोर्ट आणि मग गप्पा. यंदा ते पुन्हा येताहेत. जांभळ्या लेबलाची बाटली तळघरातून वर आणलीये. फ्रीजमध्येच ठेवलीये, ताकाच्या शेजारी.