रिळाचे मोल

नदीकाठच्या गावी जन्म घ्यावा आणि गरी टाकण्याचा नाद लागू नये, ही गोष्ट आमच्या समजुतीप्रमाणे जवळजवळ अशक्य आहे. ग्रांथिक मराठीत ज्याला गळ म्हणतात त्याला आमच्या घरच्या कोकणीत गरी म्हणतात. आणि वर्गात आम्ही कितीही शुद्ध मराठीत समास सोडवीत असलो, तरी रविवारी भरतीच्या वेळी खाजनाच्या बांधावर उभे राहिलो की आमच्या तोंडी गरी हाच शब्द येतो. मास्तराच्या हातात काठी पाहून कोणाला नवल वाटावयाचे कारण नाही. पण ती काठी विद्यार्थ्यांऐवजी माशांसाठी सरसावलेली पाहून येणारे-जाणारे पालक गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे! आठवड्याचे सहा दिवस आम्ही मुलांना धीर धरावयास सांगतो. सातव्या दिवशी तो आम्हाला स्वतःला धरावा लागतो, इतकाच काय तो फरक.

या नादात पडलेल्या माणसाला एक प्रश्न आज ना उद्या पडतोच. काठीच्या बुडाशी बसविलेले, दोरा गुंडाळणारे व सोडणारे जे यंत्र, ते रीळ, काहीशे रुपयांनाही मिळते आणि पन्नास हजारांच्या पुढेही त्याची किंमत जाते. मग स्वस्त रीळ महागाच्या बरोबरीने काम करते काय? आमच्या पुरता हा प्रश्न करमणुकीचा होता. परंतु गेल्याच्या गेल्या वर्षी जून महिन्यात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने तो आम्हाला विचारला, आणि त्या दिवसापासून तो करमणुकीचा राहिला नाही. त्या मुलाचे वडील अंथरुणाला खिळलेले. आई चार घरची कामे करते. संध्याकाळी हा मुलगा धक्क्यावर बसून जे काही गरीला लागेल ते घरी नेतो, आणि त्यावर रात्रीचे कालवण होते. मेच्या सुट्टीत वाण्याच्या दुकानात राबून त्याने २,२०० रुपये साठविले होते. ते सगळेच्या सगळे एका चांगल्याशा रिळावर घालावेत, की स्वस्तातले घेऊन उरलेले आईच्या हातावर ठेवावेत, असा त्याचा पेच होता. त्यात वर्गातील एका सुखवस्तू मुलाने त्याला ऐकविले होते की, हजाराच्या आतले रीळ म्हणजे निव्वळ खेळणे. “सर, खरेच का हो ते खेळणे असते?” असे त्याने खाली पाहत विचारले, तेव्हा उगाच काहीतरी उत्तर देणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. आम्ही त्याच्यापाशी चार महिन्यांची मुदत मागितली.

रिळाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये होऊन गेलेल्या मा युआन या चित्रकाराच्या एका चित्रात हिवाळ्यातील एका सरोवरावर एकटाच होडीत बसलेला माणूस दिसतो, आणि त्याच्या काठीला दोरा गुंडाळण्याचे चाक आहे. पुढे १८२० च्या सुमारास अमेरिकेतील केंटकी संस्थानात जॉर्ज स्नायडर या कारागिराने दातेरी चक्रे घालून असे रीळ केले की, मूठ एकदा फिरवावी आणि दोऱ्याची फिरकी अनेकदा फिरावी. हा गृहस्थ धंद्याने घड्याळजी होता. आज आपण जे रीळ सर्रास पाहतो, ज्यात फिरकी स्थिर असते आणि तिच्याभोवती फिरणारी तार दोरा गुंडाळते, त्याचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी घेतले. त्यांचा संबंध कापडाच्या गिरण्यांशी होता. सुताच्या कांडीवरून धागा कसा सरसर सुटतो हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. स्वीडनमधील आबू हा प्रसिद्ध कारखाना १९२१ साली निघाला तो घड्याळे करण्यासाठी. टॅक्सीचे मीटरही त्याने केले, आणि रिळांकडे तो नंतर वळला. आणि अमेरिकेतच तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे सुरुंग तयार करणाऱ्या एका कंपनीकडे १९४७ साली हल नावाचा एक घड्याळदुरुस्तीवाला आपल्या कल्पनेचे रीळ घेऊन गेला. त्यातून झेब्को हे नाव रूढ झाले. आणि त्या घराण्यातील ३३ क्रमांकाचे रीळ १९५४ साली निघाले, ते स्वस्त आणि लहान मुलालाही चालविता येण्याजोगे असल्यामुळेच घरोघर गेले. म्हणजे पाहा, रीळ हे घड्याळाचे सख्खे भावंड आहे. आणि स्वस्त घड्याळही वेळ दाखवतेच, हे आपण सारे जाणतो.

तथापि कुळकथेवरून गुण ठरत नाहीत. आमचे मेहुणे तारवटी आहेत. जहाजावर जाताना त्यांनी आपले एक जपानी रीळ आमच्या स्वाधीन केले होते. त्याची किंमत २४,००० रुपये. आमचे स्वतःचे रीळ म्हापशाच्या बाजारातले, ९०० रुपयांचे. चार महिने आम्ही दोन्ही रिळे आळीपाळीने वापरली. काठी तीच, दोरा एकाच जाडीचा, आमिष म्हणून तीच सुंगटे.

पहिली परीक्षा फेकीची. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील ओल्या वाळूत उभे राहून सारख्याच वजनाचे शिसे आम्ही दोन्ही रिळांनी पुनःपुन्हा फेकले आणि पावलांनी अंतर मोजले. फरक पडला तो दोन-चार पावलांचा. आणि तोसुद्धा नेहमी एकाच बाजूने नव्हे. थोडा विचार करता याचे कारण ध्यानात येते. फेक लांब जाते ती काठीच्या लवचिकपणामुळे, दोऱ्याच्या बारीकपणामुळे आणि फेकणाऱ्याच्या हातोटीमुळे. रिळाचे काम इतकेच की दोऱ्याला अडवू नये. फिरकीची कड गुळगुळीत असावी आणि दोरा त्या कडेपासून एखाद-दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरलेला असावा. दोरा कमी भरला तर तो कडेवर घासतो आणि फेक तोकडी पडते. अधिक भरला तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. येथे ९०० रुपये आणि २४,००० रुपये एकाच पंक्तीला बसतात.

दुसरी परीक्षा ओढीची, आणि ती मात्र कठीण. मासा जोराने पळू लागला की दोरा तुटू नये म्हणून फिरकीने थोडी माघार घ्यावी अशी योजना रिळात असते; तिला ड्रॅग म्हणतात. एकावर एक ठेवलेल्या चकत्या स्क्रूने कमी-अधिक दाबावयाच्या आणि त्यांच्या घर्षणावर फिरकी धरून ठेवावयाची, हे तिचे तत्त्व. दोरा जितक्या वजनाला तुटतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतक्या ओढीला ड्रॅग सुटावा असा तो जुळवितात. खरी गोम अशी की, स्थिर वस्तूला हलविण्यास जितका जोर लागतो तितका ती हलू लागल्यावर चालू ठेवण्यास लागत नाही. हे तुम्ही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेच आहे. चांगल्या रिळात हा फरक इतका थोडा असतो की दोरा तुपासारखा सुटतो. हलक्या रिळात फिरकी आधी अडते आणि मग हिसक्याने सुटते. त्या हिसक्यात दोरा गेला तर गेलाच.

ऑगस्टमधील एका संध्याकाळी पुलाच्या खांबापाशी आमच्या ९०० रुपयांच्या रिळाला चणक लागला. चणक हा खाडीतला मातबर मासा. गरी लागताच तो उसळी घेतो आणि अडचणीच्या जागेकडे धाव ठोकतो. पहिल्याच धावेला रिळाने हिसका दिला, आणि ‘टण्ण’ असा आवाज होऊन हातात मोकळी काठी उरली. पंधरा दिवसांनी त्याच जागी महागड्या रिळालाही चणक लागला. या वेळी दोरा अगदी सुरेख सुटला. इतका सुरेख की मासा सरळ खांबाच्या मागे गेला आणि तेथील कालवांच्या धारदार शिंपल्यांवर दोरा कापला गेला. दोन्ही मासे नदीतच राहिले. तथापि पहिल्या खेपेस दोष यंत्राचा होता आणि दुसऱ्या खेपेस यंत्र निर्दोष होते, हा भेद विसरता येत नाही. स्वस्त रीळ महागाच्या तोडीचे नसते ते येथे, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे.

तिसरी परीक्षा खाऱ्या पाण्याची. महाग रिळात दात्यांची चक्रे अचूक घडविलेली असतात आणि आत पाणी शिरू नये म्हणून जागोजागी बंदोबस्त असतो; स्वस्तात पुष्कळदा चक्रे साच्यात ओतलेल्या जस्ताची असतात आणि बंदोबस्त असा नसतोच. दोरा ज्या चिमुकल्या चाकावरून वळतो ते आमच्या रिळात तिसऱ्याच महिन्यात मिठाने जाम झाले. तेलाच्या एका थेंबाने ते पुन्हा फिरू लागले ही गोष्ट वेगळी. रिळाच्या डब्यावर बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पण हलक्या पोलादाची दहा बेअरिंगे गंजण्यापेक्षा चांगली तीन टिकणे केव्हाही बरे. तसेच, पाच किलोला तुटणाऱ्या दोऱ्यासाठी घेतलेल्या रिळाचा ड्रॅग आठ किलो ओढतो, या बढाईचा उपयोग काय?

आमच्या फेरीच्या धक्क्यावर एक वयोवृद्ध गरीवाले बसतात. त्यांच्याजवळ ना काठी, ना रीळ. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला दोरा आणि त्यावर ठेवलेली तर्जनी, हेच त्यांचे यंत्र. माशाने ओढ घेतली की बोट सैल होते, तो दमला की आवळते. दोन रिळे घेऊन चाललेली आमची खटपट पाहून ते एकदा म्हणाले, “मास्तर, नुस्त्याक मोल कळना.” माशाला किंमत कळत नाही! बोलणे खरे, पण आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. माशाला किंमत कळत नसली तरी हिसका कळतो. आजोबांचे बोट पन्नास वर्षांच्या सरावाने तुपासारखे सुटते. ज्याच्यापाशी ते बोट नाही त्याला ते थोडेफार विकत घ्यावे लागते. किंमत द्यावयाची ती त्याची.

चार महिने संपले तेव्हा आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावून उत्तर दिले. ते असे की, हजाराच्या आतले रीळ खेळणे नव्हे. पण ते जपानी रीळही नव्हे. तू धक्क्यावर बसून शेवटे, काळुंदरे, पालू पकडतोस. त्या कामाला ते पुरून उरेल. दुकानात मूठ सावकाश फिरवून पाहा, आत खरखर लागते काय ते बघ. फिरकीच्या कडेवरून नख फिरव, कोठे चरा नसावा. ड्रॅग थोडा आवळून दोरा हाताने ओढ आणि दहा नगांतून जो कमीत कमी अडखळतो तो उचल. दहा नग दाखविण्यास दुकानदार कुरकुरला, तर दुसरे दुकान गाठ. पैसे वाचतील त्यातून चांगला दोरा आणि चांगल्या गऱ्या घे. कारण मासा आणि तू यांच्यामध्ये शेवटी असतात त्या याच दोन वस्तू.

त्याने ८०० रुपयांचे रीळ घेतले, ४५० रुपयांचा दोरा व गऱ्या घेतल्या, आणि ९५० रुपये आईला नेऊन दिले. रोज रात्री तो रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुतो. पाणी चकत्यांत शिरू नये म्हणून धुताना ड्रॅग आवळतो आणि वाळवून ठेवताना तो सैल सोडतो. महिन्यातून एकदा चाकाला तेल, दात्यांना ग्रीस. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या रिळाचे दाते झिजले आणि मूठ लटपटू लागली. तेव्हा आम्ही काही त्याला खोटा धीर दिला नाही. इतके दिवस धुतल्या-पुसल्यानेच ते टिकले होते, आणि त्याहून अधिक टिकणे त्याच्या धातूत नव्हते. परंतु त्या दोन वर्षांत त्या घरची कितीतरी कालवणे त्या रिळावर झाली होती. पुढचे रीळ त्याने किंचित वरच्या किमतीचे घेतले, कारण आता तो चणकाच्या मागे आहे. हा त्याचा निर्णय त्याने स्वतः केला. आम्हाला विचारलेही नाही, आणि याचाच आम्हाला विशेष आनंद झाला.

विद्यार्थिमित्रहो, ‘चांगले कोणते?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणाच्या हातात, हे तीन शब्द त्याला जोडले की तो पुरा होतो. हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत वाढविलेला रुपया रिळात बरेच काही आणतो, ड्रॅगचा गुळगुळीतपणा आणतो, दात्यांची मजबुती आणतो. त्यापुढचा प्रत्येक रुपया थोडे थोडे कमी आणू लागतो. आणि अगदी वरचे रुपये बहुधा मालकाच्या समाधानासाठी असतात. समाधान ही काही वाईट वस्तू नव्हे. ज्याला परवडते त्याने ते जरूर घ्यावे. मात्र ते घेऊन दुसऱ्याच्या रिळाला खेळणे म्हणू नये.

जाता जाता एक सूचना. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही प्रयोगशाळेच्या ओसरीवर रिळे उघडून साफ करीत बसतो. स्क्रू काढण्याची हत्यारे आमच्याजवळ आहेत; तेल आणि जुने फडके मात्र ज्याने त्याने घरून आणावे. महागड्या रिळांनाही मज्जाव नाही.