गुणोत्तरातला एक भाग

गुणोत्तर-प्रमाणाच्या शाब्दिक उदाहरणांत आकडेमोड थोडीच असते; चूक होते ती वाचताना. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. या घाईत मुले दिसेल त्या आकड्याला हात घालतात. प्रस्तुत लेखकाला शिष्यवृत्तीच्या वर्गावर हा घटक शिकवताना सर्वांत जास्त वेळ लागला तो पुढच्या उदाहरणाला.

आई व मुलगी यांच्या वयांचे गुणोत्तर ७:२ आहे. ५ वर्षांनी ते ८:३ होईल, तर आईचे आजचे वय किती? बहुतेक मुलांनी ७ आणि २ मध्ये ५ मिळवून १२:७ मांडले आणि ते ८:३ शी जुळेना म्हणून गणितच चुकीचे ठरवले. पण इथले ७ म्हणजे वर्षे नव्हेत, भाग आहेत. एक भाग किती वर्षांचा, तेच तर काढायचे असते. वये ७क्ष आणि २क्ष मानली की ३(७क्ष + ५) = ८(२क्ष + ५), म्हणून क्ष = ५ आणि आईचे वय ३५.

एका मुलीने मात्र हे समीकरणाशिवाय सोडवले, आणि तिची रीत अधिक चांगली होती. दोघींच्या वयांतला फरक कधी बदलत नाही. आजचा फरक ५ भाग, नंतरचाही ५ भाग. म्हणजे भागाचा आकार तोच. आईचे ७ चे ८ भाग झाले, तेव्हा वाढलेला एक भाग म्हणजेच ५ वर्षे. फरक सारखे नसतील तर आधी सारखे करावे लागतात: ३:१ चे १० वर्षांनी २:१ होत असेल, तर २:१ ला ४:२ लिहायचे. एक भाग १० वर्षांचा, वये ३० आणि १०.

व्यस्त प्रमाणाची चूक वेगळी. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगितले, ते योग्यच. १२ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर २० मजूर? सरधोपट त्रैराशिकाने २५ येतात. गुणाकाराआधी एवढेच विचारावे: माणसे वाढली, मग दिवस वाढतील की घटतील? एकूण काम १२ × १५ = १८० मजूर-दिवस. २० मजुरांना ९ दिवस लागतात.